पाच सुरांची पाटी
हाउन्सलोच्या शाळा, संगणकावरचे संगीत आणि आपल्या मुलांचे कान

लंडनच्या पश्चिम अंगाला हाउन्सलो नावाची मोठी वस्ती आहे. हीथ्रो विमानतळावरून शहराकडे जाणाऱ्या पिकाडिली मार्गाच्या गाडीत बसले की हाउन्सलो वेस्ट, हाउन्सलो सेंट्रल आणि हाउन्सलो ईस्ट ही तीन स्थानके ओळीने लागतात. आपल्या बेटावरून मुलाबाळांना भेटायला लंडनला गेलेल्या अनेक वाचकांनी ही नावे गाडीच्या खिडकीतून वाचली असतील. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे या बरोची लोकसंख्या सुमारे २ लाख ८८ हजार होती आणि तीत एक तृतीयांशाहून अधिक लोक आशियाई वंशाचे होते. पंजाबातून आलेले, गुजरातेतून आलेले, १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेले, अशी कितीतरी कुटुंबे इथे स्थिरावली. त्यामुळे इथल्या शाळेत एकाच बाकावर दोन-तीन भाषा शेजारी शेजारी बसलेल्या असतात.

अशा वर्गात संगीताचा तास घ्यायचा म्हणजे काय, याचा विचार करून पाहा. मुले तीसेक. वर्गशिक्षक बहुधा एकच. गणित, वाचन, विज्ञान शिकवता शिकवता त्यांनाच गाणेही शिकवायचे. वाद्ये थोडी आणि त्यांतली काही मोडकी. घरी वाद्य असलेले मूल विरळाच. अशा ठिकाणी टॅब्लेट किंवा लहान संगणक हाती घेऊन मुलांकडून संगीत रचून घेण्याची रीत गेल्या काही वर्षांत इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत पसरली आहे. त्यातून मुलांना खरोखर काही मिळते का, आणि मिळत असेल तर ते आपल्या बेटावरील मुलांच्याही उपयोगी पडेल का, या दोन प्रश्नांचा विचार आजच्या लेखात करावयाचा आहे.

विमानाखालचा वर्ग

हाउन्सलोच्या शाळांची एक अडचण इतरांहून वेगळी आहे. प्लेझान्सच्या विमानतळाजवळ राहणाऱ्या आपल्या बांधवांना विमानाचा आवाज ठाऊक आहे. पण हाउन्सलोवरून विमाने दर दीड-दोन मिनिटांनी जातात. वारा पश्चिमेकडून वाहत असला, आणि तिकडे तो बहुतेक दिवस तसाच वाहतो, म्हणजे हीथ्रोकडे येणारी विमाने पूर्वेकडून, हाउन्सलोच्या छपरांवरून खाली उतरतात. विमानतळाच्या दोन धावपट्ट्यांपैकी एक उतरण्यासाठी आणि दुसरी उड्डाणासाठी वापरतात, दुपारी ३ वाजता त्यांची अदलाबदल करतात आणि पुढच्या आठवड्यात हा क्रम उलटा करतात. म्हणजे एखाद्या शाळेला एक आठवडा शाळेच्या वेळात गडगडाट आणि पुढचा आठवडा त्या मानाने निवांत, असे चक्र चालू राहते.

या आवाजाचा मुलांवर परिणाम होतो, ही नुसती पालकांची तक्रार नाही. हीथ्रो, ॲम्स्टरडॅमचा स्किपोल आणि माद्रिदचा बाराखास या तीन विमानतळांजवळच्या ८९ शाळांतील ९ ते १० वर्षांच्या २,८४४ मुलांची पाहणी करून शास्त्रज्ञांनी २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. विमानांचा आवाज जसजसा वाढतो तसतशी मुलांची वाचून समजून घेण्याची शक्ती मागे पडते, असे त्यांना आढळले. हाउन्सलो हीथ इन्फंट शाळेच्या अंगणात मातीच्या पिशव्या रचून घुमट बांधण्यात आले, ते मुलांना बाहेर खेळताना निदान एकमेकांचे बोलणे ऐकू यावे म्हणून. विमानमार्गाखालच्या २१ शाळांत असे आडोसे उभारण्याचा खर्च करू, असे हीथ्रो विमानतळाने २०१३ साली जाहीर केले.

ज्या मुलाच्या शिक्षकाचे वाक्य दर दोन मिनिटांनी अर्धवट तुटते, ते मूल हळूहळू ऐकणेच सोडून देते. कान उघडे असतात, पण लक्ष मिटलेले असते. म्हणून अशा शाळेत संगीताचा तास ही चैन मानता येत नाही. मुलाला पुन्हा ऐकायला शिकवण्याची ती एक वाट आहे. संगणक वर्गात आणावा की नाही, हेसुद्धा याच कसोटीवर ठरवले पाहिजे. त्याने मुलाचे ऐकणे वाढत असेल तर तो कामाचा. नाहीतर आणखी एक आवाज तेवढा वाढला.

यंत्र वर्गात येते, ते काही आजच नाही

संगीताच्या वर्गात यंत्र शिरल्याला पुष्कळ वर्षे झाली. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या १९३९ साली बीबीसीने ‘सिंगिंग टुगेदर’ हा शाळांसाठी गाण्याचा नभोवाणी कार्यक्रम सुरू केला. पुढे कित्येक वर्षे इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतील मुले रेडिओभोवती बसून त्याच्याबरोबर गात. १९८१च्या अखेरीस बीबीसी मायक्रो नावाचा संगणक आला आणि ८२ पासून तो प्राथमिक शाळांतही पोचू लागला. त्याला सूर काढण्याची आज्ञा देता येत असे. पण ती आज्ञा आकड्यांत टंकावी लागे, आणि सात वर्षांच्या मुलाचे ते काम नव्हे.

आज अडसर आकड्यांचा राहिलेला नाही. बोटाने चौकोन दाबला की सूर वाजतो. इंग्लंडच्या अभ्यासक्रमानेही ही वाट मोकळी ठेवली आहे. २०१३ साली जाहीर होऊन २०१४ पासून शिकवल्या गेलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात मुलांनी गावे, रचना करावी, वाद्य शिकण्याची संधी त्यांना मिळावी आणि तंत्रसाधनांचा योग्य तेथे वापर करावा, असे एकाच दमात म्हटले आहे. २०२२ च्या राष्ट्रीय संगीत शिक्षण योजनेत दर आठवड्याला किमान एक तास संगीत शिकवले जावे अशी अपेक्षा व्यक्त केली गेली आणि वाद्ये व साधने यांसाठी २ कोटी ५० लाख पौंडांची तरतूद सांगितली गेली. अपंग मुलांना वाजवता येतील अशी खास साधनेही तीत धरली होती. ज्या मुलाच्या बोटांना बासरीची भोके झाकता येत नाहीत त्याला पडद्यावर नुसत्या स्पर्शाने सूर काढता येतो, ही गोष्ट लहान नाही.

हाउन्सलोमध्ये ‘हाउन्सलो म्युझिक सर्व्हिस’ ही संस्था शाळांना वाद्यशिक्षण पुरवते. तथापि फिरते वाद्यशिक्षक आठवड्यातून थोडाच वेळ येणार. उरलेला आठवडा वर्गशिक्षकाचा. त्याच्या हाती काय असावे, हा खरा प्रश्न आहे.

चौकोनांची पाटी

वर्गात वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी सगळ्यांत सोपे, फुकट आणि नाव-गाव न विचारणारे साधन म्हणजे गूगलने २०१६ साली खुले केलेले ‘क्रोम म्युझिक लॅब’. त्यात निरनिराळे खेळ आहेत. ‘कांडिन्स्की’ या रशियन चित्रकाराच्या नावाच्या खेळात मुलाने काढलेली रेघ वाजू लागते. वळण वर गेले की सूर वर जातो. पाच वर्षांचे मूलही त्यात रमते. ‘स्पेक्ट्रोग्राम’ नावाच्या खेळात आवाजाचे चित्र दिसते. मुलाने एक लांब सूर लावला की पडद्यावर एकावर एक बारीक, सरळ रेषा उमटतात. डोक्यावरून विमान गेले की मात्र पडद्यावर नुसता रुंद डाग पसरतो. सूर आणि गोंगाट यांतला फरक हाउन्सलोच्या मुलाला व्याख्येवाचून डोळ्यांनी दिसावा, याहून चांगला पहिला धडा कोणता? ज्या विमानाने तास बिघडतो त्यालाच अशा रीतीने धड्यात ओढता येते.

परंतु खरा उपयोगाचा आहे तो २०१८ साली त्यात भर पडलेला ‘साँग मेकर’. तो म्हणजे चौकोनांची एक पाटी. उभ्या दिशेला सूर, खालून वर चढत जाणारे. आडव्या दिशेला काळ, डावीकडून उजवीकडे सरकणारा. प्रत्येक सुराला स्वतःचा रंग. तळाशी ठेक्यासाठी दोन ओळी, एक खालच्या नादाची आणि एक वरच्या नादाची. आपल्या वाचकांना त्यात डग्गा आणि तबला लगेच ओळखू येतील.

ही पाटी पाहिली की आपल्याकडच्या एका थोर माणसाची आठवण होते. मुंबईत १८६० साली जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिलीचा व्यवसाय बाजूला ठेवून गावोगाव उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ लिहिली. त्या पुस्तकांत सुरांची अक्षरे मात्रांप्रमाणे ओळीने मांडलेली असतात. विभागाला उभी रेघ, समेला खूण. एक मात्रा, एक घर. साँग मेकरची पाटी उघडताच जी घरे समोर येतात ती चार मात्रांचे चार भाग, म्हणजे सोळा मात्रा, अशी मांडलेली असतात. आपला त्रिताल यात जसाच्या तसा बसतो. घरांची संख्या बदलता येते. दादऱ्यासाठी सहा, झपतालासाठी पाच-पाचचे दोन भाग. ज्यांनी हार्मोनियमच्या वर्गात भातखंड्यांची लिपी थोडीफार वाचली आहे त्यांना ही पाटी परकी वाटण्याचे कारण नाही.

या पाटीवर सुरांची निवड ठरवण्याची सोय आहे. तीत पाच सुरांचा पर्याय निवडला की सा, रे, ग, प, ध एवढेच सूर उरतात. मध्यम आणि निषाद गळतात. म्हणजे भूप रागाचे सूर! इंग्लंडच्या शिक्षण खात्याने २०२१ साली जो नमुना संगीत अभ्यासक्रम प्रसिद्ध केला त्यात प्राथमिक वर्गांना पाच सुरांत लहान रचना करायला सांगितले आहे. त्याच अभ्यासक्रमात मुलांनी ऐकावयाच्या रचनांची जी यादी आहे, तीत गानसरस्वती किशोरी आमोणकर यांची भूप रागातली ‘सहेला रे’ ही चीजही आहे. मुंबईच्या एका मराठी गायिकेचा भूप इंग्रज शाळांच्या यादीत जाऊन बसला, ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण शिक्षकाच्या दृष्टीने ती सोयीची अधिक. वर्गात हे गाणे ऐकवायचे आणि त्यानंतर तेच पाच सूर मुलांच्या हाती द्यायचे, अशी आयती जोडणी तिथे झालेली आहे.

तास कसा घ्यावा?

नुसती पाटी हाती दिली म्हणजे काम झाले, असे समजू नये. मूल पाच मिनिटांत सगळे चौकोन रंगवून टाकते, खदखदा हसते आणि पुढच्या पाच मिनिटांत कंटाळते. म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलांचा तास कोणत्या क्रमाने घेता येतो, ते थोडक्यात सांगतो.

पहिली दहा मिनिटे यंत्र बंद. मुलांनी टाळ्यांवर सहा मोजावेत. तबला न येणाऱ्या शिक्षकाने शब्दांचा आधार घ्यावा. ‘पपई, मोसंबी’ हे दोन शब्द सावकाश म्हटले की तीन आणि तीन असे सहा ठोके आपोआप पडतात. अर्ध्या वर्गाने शब्द म्हणावेत, अर्ध्याने पहिल्या आणि चौथ्या ठोक्याला पाय वाजवावा. लय आधी पायाला कळते, मग डोक्याला.

दुसऱ्या पायरीला दोन मुलांत एक टॅब्लेट द्यावा. दोघांत एक असला की बोलणे होते, वाद होतो, निवड करावी लागते. प्रत्येकाच्या कानावर स्वतंत्र श्रवणयंत्रे चढवली की वर्ग शांत दिसतो खरा, पण तीस मुले तीस बेटांवर जाऊन बसतात. आपण बेटावरची माणसे. बेटावर शेजारी किती मोलाचा असतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. या पायरीला फक्त तळाच्या दोन ओळी वापराव्यात आणि आत्ता पायांनी वाजवलेला ठेका घरांत मांडावा.

तिसऱ्या पायरीला सूर. एकदम पाच देऊ नयेत. सा, रे, ग एवढेच. आधी शिक्षकाने ते गाऊन दाखवावेत, मुलांनी गावेत आणि मग घरांत ठेवावेत. एक नियम घालून द्यावा की निदान एक घर रिकामे राहिले पाहिजे. रिकाम्या घराची किंमत कळणे हे संगीतातले मोठे शिक्षण आहे. पुढच्या आठवड्यात प आणि ध.

चौथी पायरी सगळ्यांत महत्त्वाची. शिक्षकाने जोडीपाशी जाऊन विचारावे: “हा सूर इथे का ठेवलात? काढला तर काय होईल? काढून ऐका बरे.” दगडी पाटीचा जो गुण आपल्या आजोबांना ठाऊक होता तोच या पाटीचाही आहे. ती पुसता येते. बाजाच्या पेटीवर चुकले तर मूल लाजते. इथे चूक पुसून पुन्हा मांडायला कोणाची भीती नसते. जे मूल वर्गात कधी तोंड उघडत नाही, ज्याची इंग्रजी अजून कच्ची आहे, तेही बोट ठेवून सांगू शकते की हे मला आवडले नाही. आपल्याला काय आवडत नाही हे कानाने ओळखणे, इथूनच रचनेची सुरुवात होते.

पाचव्या पायरीला टॅब्लेट पुन्हा बंद करावेत आणि प्रत्येक जोडीने आपली ओळ गाऊन दाखवावी. गाता आली नाही तर ती लांब झाली आहे किंवा उड्या फार आहेत. ती कमी करावी. जे रचले ते स्वतःच्या गळ्यातून निघाले पाहिजे, हा दंडक पाळला तर यंत्र आपल्या जागी राहते. एरवी यंत्र गाते आणि मूल ऐकतही नाही.

भूप आणि देशकार

आता या साधनाची दुसरी बाजू. पाच सुरांच्या पाटीवर कोणतेही चौकोन दाबा, कानाला बरेच लागते. बेसूर होण्याची सोयच तिथे ठेवलेली नाही. लहान मुलाला धीर यावा म्हणून हे ठीक. पण त्यामुळे शाबासकी फार स्वस्त होते. मूल काहीही करते, ते गोड वाजते, पालक टाळ्या पिटतात आणि मुलाला वाटते की आपण संगीतकार झालो. ऐकण्याचे कष्ट न करता मिळालेली ही गोडी फार दिवस टिकत नाही.

आपल्या संगीतात याचे उत्तर फार सुंदर आहे. सा, रे, ग, प, ध हे पाच सूर भूपात आहेत आणि नेमके तेच पाच सूर देशकारातही आहेत. पाटीवर दोघांचे चौकोन एकच. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देशकार सकाळी. भूपात जीव असतो गंधारावर. देशकारात तो धैवतावर. एकात सूर शांतपणे खालच्या अंगाने फिरतात, दुसऱ्यात वरच्या अंगाने झेपावतात. हा फरक कोणत्याही चौकोनात भरता येत नाही. सुरावर किती थांबायचे, त्याकडे कोणत्या बाजूने यायचे, एका सुरावरून दुसऱ्यावर मींडेने कसे सरकायचे, हे गळ्याने आणि कानाने शिकायचे असते. साँग मेकरच्या पाटीवर मींड नाही. एक चौकोन संपतो आणि दुसरा सुरू होतो. मधली वाट तिथे नाही.

यावर कोणी म्हणेल, मग हे खेळणे वर्गात आणताच कशाला? याला उत्तर आपल्याच घरात, देव्हाऱ्याशेजारी ठेवलेले आहे. ते म्हणजे बाजाची पेटी. १८४०च्या दशकात पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेनने हार्मोनियमचे पेटंट घेतले. तिथून हे वाद्य भारतात पोचले. त्यातही सूर ठरीव, त्यातही मींड नाही. याच कारणाने अनेक जाणकारांनी त्याला नाके मुरडली आणि आकाशवाणीने १९४० साली त्याच्यावर बंदी घातली. ती १९७१ साली शिथिल होईपर्यंत तीन दशके गेली. त्याच काळात गावोगावच्या भजनी मंडळांत, नाटक कंपन्यांत, आणि समुद्र ओलांडून आपल्या बेटावरही पेटी वाजतच राहिली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने पेटीला मानाची जागा मिळवून दिली, पण तिच्या उणिवा ओळखून. पेटी गळ्याच्या मागे चालली तोवर तिने भजन सांभाळले. जिथे गळा पेटीच्या मागे चालू लागला, तिथे सूर चपटे झाले. संगणकाच्या पाटीचेही अगदी तसेच आहे.

१९७९ साली बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा तयार केला, तेव्हाही पुष्कळांनी भुवया उंचावल्या. पण परदेशी एकट्याने रियाज करणाऱ्या, तंबोरा धरायला कोणी नसलेल्या विद्यार्थ्याला त्याने आधार दिला. आज तोच तंबोरा आणि तबल्याचे ठेके खिशातल्या फोनमध्ये मावतात. ज्याच्याकडे गुरू आहे त्याला ते मदतनीस आहेत. ज्याच्याकडे गुरू नाही त्याला ते गुरू होऊ शकत नाहीत, ही मर्यादा मात्र स्वच्छ ओळखावी.

आपल्या बेटावर

हाउन्सलोची ही गोष्ट आपल्याला परकी नाही. भारत सरकारने २०१६ साली मॉरिशसला ३५ कोटी ३० लाख डॉलरचे जे विशेष आर्थिक साहाय्य दिले त्यातील पाच प्रकल्पांत मेट्रो आणि सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीबरोबर प्राथमिक शाळेतील मुलांसाठी टॅब्लेटही होते. म्हणजे हे साधन आपल्या मुलांनी पाहिलेले आहे. घरोघरी फोन तर आहेतच. उणीव असेल ती ते वापरण्याच्या रीतीची.

आणि आपल्याकडे हाउन्सलोपेक्षा एक गोष्ट जास्त आहे. आपल्याकडे गाणारी माणसे अजून आहेत. कोकणातून आलेल्या आपल्या पूर्वजांनी बरोबर आणलेली जाखडी आपण झाकरी म्हणून गणपतीत नाचतो. भजनी मंडळे आहेत. एखाद्या घरी आजीला जात्यावरच्या ओव्या, पाळणे, मंगळागौरीची गाणी आठवतात. नातवंडांच्या ओठांवर मात्र क्रेओल आणि फ्रेंच अधिक. त्यांना शब्द कळत नाहीत म्हणून ती गाण्यापासून दूर बसतात. शब्दांचे दार अडले असेल तर लयीच्या दाराने आत जाता येते. आजीने पाळणा गावा, नातवाने त्याचे ठोके मोजावेत, चौकोनांत मांडावेत आणि वाजवून आजीलाच विचारावे, “बरोबर आहे का?” आजी बहुधा म्हणेल, “नाही रे, इथे थोडे थांबायचे असते.” ते थांबणे पाटीवर कुठे मांडायचे हे शोधताना नातू तो पाळणा दहा वेळा ऐकेल. शब्द त्याबरोबर कानात शिरतीलच.

आणखी एक सुचवावेसे वाटते. २०१४ साली युनेस्कोने मॉरिशसच्या पारंपरिक सेगाला आणि २०१६ साली भोजपुरी गीत-गवाईला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. सेगातली रावान सहाच्या लयीत झुलते. आपला दादराही सहा मात्रांचा. पाटीच्या त्याच सहा घरांत एका मुलाने रावानचा ठेका मांडावा आणि दुसऱ्याने दादरा. दोन्ही शेजारी शेजारी वाजवून ऐकावेत. कुठे जुळतात, जोर कुठे वेगळा पडतो? हाउन्सलोच्या वर्गात भांगडा आणि आफ्रिकी ढोल यांच्याबाबत जो प्रश्न शिक्षकाला विचारता येतो, तोच आपल्या मराठीच्या तासाला, शनिवारच्या बैठकेतही विचारता येईल. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एक फोन, एक पेटी आणि मुलांबरोबर बसायला तयार असलेला एक जाणता माणूस पुरे.

पालकांनी दोन पथ्ये पाळावीत. मुलाला टॅब्लेट देऊन आपण बाजूला होऊ नये. दहा मिनिटे का होईना, शेजारी बसून ऐकावे. आणि मुलाने काही रचले की त्याला लगेच “छान” म्हणून मोकळे होऊ नये. “गाऊन दाखव पाहू,” असे म्हणावे. ते गाताना अडखळेल, लाजेल, पुन्हा पाटीकडे जाईल, एखादे घर पुसेल. त्या पुसण्यातच त्याचा कान तयार होत असतो. यंदाच्या गणेशचतुर्थीला झाकरीच्या तयारीला बसाल तेव्हा एखाद्या लहानग्याच्या हाती ही पाटी देऊन पाहा, आणि ठेका त्याने मांडला की ती बंद करून त्याला रिंगणात घ्या.